१४ किलोमीटरची लिंक, सिग्नल -७८ : मोठी डिश घ्यायच्या आधी हे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात डोंगरावरच्या टॉवरवरून खाडीकाठच्या गावात १४ किलोमीटरची ५.८ गिगाहर्ट्झची पॉइंट टू पॉइंट लिंक (दोनच ठिकाणं जोडणारी वायरलेस), दोन्हीकडे ३० डीबीआयच्या (ताकद एका दिशेला एकवटण्याचं माप) डिश, चॅनेल ८० मेगाहर्ट्झचा, सिग्नल दोन्ही बाजूंना -७८ डीबीएमच्या आसपास (पोचलेल्या ताकदीचा आकडा, शून्याच्या जितका जवळ तितका जोरदार). दिवसा कसेबसे ४०-५० एमबीपीएस, आणि काही दिवस संध्याकाळी, काही दिवस भलत्याच वेळी लिंक पार झोपते. विकणारा म्हणतो मोठी डिश घ्या, नाहीतर कंट्री कोड (कुठल्या देशाचे पॉवरचे नियम पाळायचे ते रेडिओतलं सेटिंग) बदला आणि पॉवर वाढवा. आणि शेवटी विचारलंय की लायसन्सवाला बँड घ्यावा का.

माझं उत्तर : सध्या काहीच विकत घेऊ नका. आधी कागद घ्या.

-७८ चांगला की वाईट हे नुसतं बघून कोणालाच सांगता येत नाही, आधी तो किती असायला हवा होता हे काढावं लागतं, आणि शंभरातले नव्वद लोक हेच करत नाहीत, थेट डिश फिरवायला टॉवरवर चढतात. गणित शाळेतल्या बेरजेइतकंच आहे. हवेतला लॉस = ९२.४५ अधिक किलोमीटरचा २० लॉग अधिक गिगाहर्ट्झचा २० लॉग. १४ किलोमीटरचे २२.९ आणि ५.८ चे १५.३, झाले १३०.६ डीबी. तुमचा कंट्री कोड इंडिया आहे म्हणून रेडिओने पॉवर ६ डीबीएमवर आणून ठेवलीय, त्यात डिशचे ३० मिळवले की ३६. त्यातून १३०.६ वजा, समोरच्या डिशचे ३० अधिक. उत्तर -६४.६. म्हणजे सगळं नीट असेल तर स्क्रीनवर -६५ दिसायला पाहिजे, दोन-तीन इकडेतिकडे चालेल. तुमच्याकडे -७८. तेरा डीबी गायब आहेत, म्हणजे जेवढी ताकद पोचायला हवी तिच्या विसाव्या हिश्श्याएवढीच पोचतेय. हे तेरा कुठे गेले ते सापडल्याशिवाय नवीन डिश घेणं म्हणजे भोक पडलेल्या टाकीला मोठा पंप लावणं.

आता एक चांगली गोष्ट तुम्ही न विचारता सांगितलीय, सिग्नल दोन्ही बाजूंना सारखाच कमी आहे. रस्ता दोन्ही दिशांना एकच असतो, त्यामुळे अलाइनमेंट चुकलं किंवा मध्ये काही आडवं आलं तर दोन्हीकडे सारखंच कमी होतं. एकाच बाजूला कमी असतं तर मी म्हटलं असतं रेडिओ बघा, एका बाजूची पॉवर वेगळी सेट झालीय का बघा. दोन्ही चेन (रेडिओतल्या सिग्नलच्या दोन वाटा) वेगवेगळ्या पण वाचा, एक चेन -६६ आणि दुसरी -७८ असं असेल तर पिगटेल (रेडिओ ते डिशची छोटी केबल) सैल असेल किंवा पोर्टमध्ये पाणी गेलं असेल. दोन्ही चेन सारख्या आणि दोन्ही टोकं सारखी असतील तर संशयित दोनच उरतात, साइड लोब आणि झाडं.

साइड लोबचं आधी. ६० सेंटीमीटरच्या आसपासच्या डिशचा मुख्य झोत ५.८ ला जेमतेम ६ अंशांचा असतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, मधल्यापासून आठ-नऊ अंशांवर, छोटे झोत, म्हणजेच साइड लोब, असतात जे मुख्यपेक्षा पंधरा-वीस डीबी खाली. घाईत अलाइन करताना माणूस डिश फिरवतो, सिग्नल वाढतो, परत कमी व्हायला लागतो, मागे येऊन नट आवळतो, खूश. पण तो शिखर खोटा असू शकतो. खरा शिखर शोधायचा तर डिश पूर्ण वीस-पंचवीस अंश फिरवायची, एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत, आणि आकडे लिहून घ्यायचे, म्हणजे छोटा उंचवटा, खड्डा, मोठा उंचवटा, खड्डा, परत छोटा उंचवटा असा आकार दिसतो. तो मधला मोठा दिसेपर्यंत हात थांबवायचा नाही. एका वेळी एकच टोक हलवायचं, दुसऱ्या टोकाच्या माणसाने फक्त फोनवर आकडा वाचायचा, त्याने "जरा मी पण बघतो" म्हणून हात लावला की दिवस गेला. होकायंत्राची दिशा आपल्याकडे बऱ्यापैकी खरी मिळते, महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरं उत्तर यात एक अंशाचाही फरक नाही, पण टॉवरच्या लोखंडाजवळ मोबाईलमधलं होकायंत्र धरलंत तर ते काहीही दाखवेल, लांब उभं राहून दिशा घ्या आणि मग वर चढा.

उभ्या दिशेत तर याहून जास्त लोक फसतात. टॉवर डोंगरावर, गाव खाली, म्हणून वरची डिश चांगली वाकवून गावाकडे तोंड करून लावतात. प्रत्यक्षात बघा, डोंगराची डिश खाडीच्या पाण्यापासून ३०० मीटरवर आणि गावातली १५ मीटरवर धरली तर २८५ मीटरचा फरक १४ किलोमीटरमध्ये वाटला जातो. तो होतो १.२ अंश. साठ सेंटीमीटरच्या डिशमध्ये वरची कड खालच्या कडेपेक्षा सव्वा सेंटीमीटर पुढे, बस. डोळ्याला ती सरळ उभीच दिसते. डिश खाली बघतेय हे लांबून कळत असेल तर ती नक्की जास्त वाकलीय. लेव्हल बॉटल किंवा डिजिटल अँगल मीटर वापरा, डोळ्यावर जाऊ नका. आणि नट आवळताना पण आकड्यावर नजर ठेवा, शेवटच्या अर्ध्या फेरीत डिश हमखास सरकते.

झाडांचं. फ्रेनेल झोनबद्दल (थेट रेषेभोवतीचा जो घेर मोकळा लागतो तो) वाचून लोक मधल्या भागाची चिंता करतात, तुमच्या लिंकच्या मध्यावर तो साडेतेरा मीटरचा आहे, पण तिथे रेषा पाण्यापासून दीडशे मीटर वर चाललीय, त्यामुळे मध्ये एखादा उंच सडा (कातळाचं पठार) आडवा नसेल तर तिथे काही अडत नाही. अडतं ते गावाच्या तोंडाशी. गावातल्या डिशपासून २०० मीटरवर तुमची रेषा फक्त १९ मीटर उंचीवर असते, आणि तिथे माडाची वाडी असेल तर? वाढलेला माड वीस मीटर सहज जातो. त्या ठिकाणी फ्रेनेलचा घेर तीन मीटरच्या वर आहे, त्यातला साठ टक्के तरी मोकळा लागतो, म्हणजे रेषेच्या खाली दोन मीटर रिकामे पाहिजेत. झावळ्या रेषेत असतील तर डीबी जातातच, वारा सुटला की आकडा नाचतो आणि पावसात झावळ्या भिजल्या की अजून जातात. गूगल अर्थवर प्रोफाइल काढलंत तरी त्यात माड दिसत नाही, डिशच्या उंचीवर जाऊन दुर्बिणीने बघायचं. आणि यंदा दिसतंय म्हणून पाच वर्षांनी दिसेल असं नाही, माड वाढतो, वाडीचा मालक तुमच्यासाठी तो तोडणार नाही आणि तोडूही नये. त्यापेक्षा पोल तीन-चार मीटर वर न्या.

हे दोन्ही करून -६५ ते -६८ च्या आत आलात तर अर्धी लढाई झाली. आता चॅनेल. ८० मेगाहर्ट्झ कोणी लावून दिलं माहीत नाही, बहुतेक डिफॉल्ट असेल किंवा बॉक्सवरचा मोठा आकडा बघून असेल. रुंद चॅनेल म्हणजे जास्त आवाज आत घेणं. रेडिओच्या आतला स्वतःचा नॉइज २० मेगाहर्ट्झला -९६ च्या आसपास असतो, ४० ला -९३, ८० ला -९०. आज तुमचा -७८ आणि ८० मेगाहर्ट्झ म्हणजे हातात १२ डीबी, तेही शेजारी कोणी ओरडत नाहीये असं धरून. १२ डीबीत क्यूपीएसके किंवा फार तर १६ क्वॅमची सुरुवात (ही मॉड्युलेशनची नावं, आकडा जितका मोठा तितका एका दमात जास्त डेटा), ६४ क्वॅमला पंचविसेक लागतात आणि २५६ क्वॅमला तीसच्या वर. सिग्नल -६५ करून चॅनेल ४० केलात की हातात २८ येतात आणि लिंक ६४ क्वॅमवर निवांत बसते, ८० वर धडपडणाऱ्या लिंकपेक्षा अरुंद चॅनेलवर स्थिर बसलेली लिंक खरा डेटा जास्त नेते, शिवाय लेटन्सी (डेटा पोचायला लागणारा वेळ) सरळ राहते. तोपर्यंत, आजच्या आज, बसल्या जागेवरून २० मेगाहर्ट्झ करून बघा. सहा डीबी फुकट मिळतात.

चॅनेल कुठला घ्यायचा हे दोन्ही टोकांना वेगवेगळं तपासावं लागतं. डोंगरावरच्या डिशला अख्खा खालचा मुलूख ऐकू येतो, गावातल्या डिशला डोंगराची एकच दिशा. म्हणून वर ५७४५ घाण असेल आणि खाली तोच स्वच्छ, असं नेहमीच दिसतं, आणि मग डाउनलोड मस्त, अपलोड मेलेला. दोन्हीकडे स्कॅन करा, संध्याकाळी गर्दीच्या वेळी करा, दुपारी बाराचा स्कॅन उपयोगाचा नाही, आणि स्कॅन चालू असताना लिंक तुटते हे गिऱ्हाईकांना आधी कळवा. डीएफएसवाले (रडारला वाट द्यावी लागणारे) चॅनेल, म्हणजे ५२५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५, बरेचदा रिकामे सापडतात पण तिथे रेडिओला रडार ऐकू आलं तर त्याने चॅनेल सोडायचाच असतो, आणि नवीन चॅनेलवर आधी किमान एक मिनिट गप्प बसून ऐकायचं असतं. मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँडचं डॉप्लर रडार आहे, त्या बाजूला लिंक टाकणाऱ्यांनी याचा विचार आधी करावा. तुमच्याकडे वरचा बँड ठीक आहे.

आता पॉवर. २०१८ च्या नियमांनी आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग लायसन्समुक्त झाला, वरच्या ५७२५ ते ५८७५ मध्ये ईआयआरपी (रेडिओची पॉवर अधिक डिशचे डीबीआय) ३६ डीबीएम म्हणजे ४ वॉट. विकणारा सांगतोय तसा कंट्री कोड बदलून २४ डीबीएम सोडलेत तर डिशसकट ५४ होतात, मर्यादेच्या साठपट. ते बेकायदेशीर आहेच, पण त्याहून मूर्खपणाचं आहे, कारण तुम्ही ओरडलात की शेजारचा ओरडतो, त्याच्या शेजारचा ओरडतो, आणि दोन वर्षांत त्या डोंगरावर कोणाचंच काही चालत नाही, अशा टेकड्या मी बघितल्यात. शिवाय पूर्ण पॉवरवर रेडिओचा ॲम्प्लिफायर सिग्नल विद्रूप करतो, त्यामुळे वरचं मॉड्युलेशन उलट बसत नाही. एक गोष्ट मात्र विकणाऱ्याची अर्धी बरोबर आहे. मोठी डिश घेतली तर पाठवताना काही मिळत नाही, कारण ३६ ची मर्यादा तशीच राहते आणि पॉवर तेवढी खाली आणावी लागते, पण ऐकताना मिळतं : ३४ डीबीआयची डिश ४ डीबी जास्त ऐकते आणि झोत अरुंद असल्यामुळे आजूबाजूचा गोंगाट कमी ऐकते. म्हणजे तो खर्च वाया जात नाही, फक्त तो शेवटचा उपाय आहे, आणि अरुंद झोत अलाइन करायला अजून अवघड.

मला या प्रश्नात सगळ्यात जास्त रस वाटला तो "भलत्याच वेळी झोपते" यात. याचं उत्तर अंदाजाने देता येत नाही, लॉग पाहिजे. एसएनएमपीने (उपकरणाचे आकडे लांबून वाचायची पद्धत) दर मिनिटाला दोन्ही टोकांचे सिग्नल, नॉइज, मॉड्युलेशन, इथरनेट एरर आणि जमलं तर बॅटरीचा व्होल्टेज, महिनाभर साठवा. मग बघा. सिग्नल सरळ रेषेत आहे आणि नॉइज वर चढतोय तर तो दुसऱ्याचा रेडिओ. सिग्नल, नॉइज दोन्ही ठीक पण रेडिओच रीस्टार्ट होतोय तर वीज, इन्व्हर्टर, पीओई (लॅन केबलमधून रेडिओला वीज देणारं). सिग्नल झटक्याझटक्याने हलतोय आणि त्या दिवशी वारा होता तर पोल. आणि सिग्नल हळूहळू पंधरा-वीस डीबी खाली जाऊन परत येत असेल, नॉइज जागेवर असेल, तर मला खाडीचा संशय आहे.

पाणी आरशासारखं परावर्तन करतं. थेट येणारी लहर आणि पाण्यावरून उडून येणारी लहर एकमेकींना पूरक आल्या तर सिग्नल वाढतो, विरुद्ध आल्या तर एकमेकींना खातात. एक टोक उंच आणि एक खाली असलं की परावर्तनाची जागा खालच्या टोकाजवळ येते, तुमच्या उंच्या धरल्या तर गावापासून साधारण सहाशे-सातशे मीटरवर, म्हणजे बरोबर खाडीत. पुढचं गणित केलं तर गावाच्या डिशची उंची जेमतेम ६० सेंटीमीटर बदलली की शिखराचा खड्डा होतो. आणि डिश हलली नाही तरी पाणी हलतंच की! पाण्याची पातळी तेवढीच वरखाली झाली तरी परिणाम तोच, आणि भरती-ओहोटी त्याहून कितीतरी जास्त. म्हणून एक सोपी परीक्षा : लिंक झोपायची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकतेय का बघा. सरकत असेल तर गावातल्या कुठल्याही खारव्याला विचारा, तो तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगेल, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तुमचा लॉग त्याच्याशी जुळला, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला जास्त बिघडत असेल, तर रेडिओ निर्दोष आहे. न जुळता फक्त शांत, वारा नसलेल्या रात्री होत असेल तर पाण्यावर साचलेल्या हवेच्या थरांमुळे लहर वाकतेय, तेही किनाऱ्यावर नेहमीचं.

उपाय आहेत. पहिला फुकटचा : गावातली डिश शिखरापासून दोन अंश वर उचला. थेट सिग्नलचा दीडेक डीबी जाईल, पण खालून पाण्यावरून येणारा पाचेक डीबीने कमी होईल, आणि खड्डे बरेच उथळ होतील. दुसरा : डिश अशी जागा बघून लावा की परावर्तन येणारी वाट एखाद्या घराच्या छपराने किंवा बांधाने अडेल पण डोंगर मोकळा दिसेल. गच्चीच्या कडेला लावायची सवय असते, ती दोन मीटर आत सरकवली की गच्चीची कडच हे काम करते. वर झाडांसाठी पोल उंच करा म्हटलं आणि इथे आडोसा घ्या म्हणतोय, हो, दोन्ही जुळवायचं आहे, यालाच साइट सर्व्हे म्हणतात. तिसरा, खर्चाचा : ६० सेंटीमीटर अंतराने वर-खाली दोन डिश, एक खड्ड्यात असते तेव्हा दुसरी शिखरावर. हे करणारं चांगलं गियर लायसन्स बँडमध्ये जास्त मिळतं, स्वस्त रेडिओत नाही.

सेटिंगचं आता भराभर सांगतो. नवीन रेडिओ कधीही थेट टॉवरवर नेऊ नका, दोन्ही टेबलावर ठेवून पॉवर अगदी खाली आणून, डिश एकमेकींकडे न वळवता, फर्मवेअर, आयपी, नाव, चॅनेल, पासवर्ड, एनटीपी (घड्याळ आपोआप जुळवणारं) सगळं लावा, लिंक जोडा, रात्रभर पिंग चालू ठेवा, कॉन्फिगची फाइल काढून ठेवा. मॅनेजमेंट वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच केबलवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये). फर्मवेअर जुना ठेवू नका, २०१६ मध्ये एअरओएसच्या (युबिक्विटीच्या रेडिओंचं सॉफ्टवेअर) जुन्या आवृत्त्यांवर वर्म फिरला होता, त्याचा पॅच आदल्या वर्षीच येऊन पडला होता. टीडीएमए (प्रत्येक टोकाला बोलायची वेळ ठरवून देणारी पद्धत) असेल तर तोच मोड चालू करा, मग ते युबिक्विटीचं एअरमॅक्स असो की मायक्रोटिकचं एनव्ही२. साध्या वायफायचा स्लॉट (थांबून ऐकायच्या वेळेचा तुकडा) ९ मायक्रोसेकंदांचा, आणि तुमच्या १४ किलोमीटरला लहर जाऊन परत यायलाच ९३ लागतात, तो प्रोटोकॉल घरातल्या खोल्यांसाठी आहे. तमिळनाडूत थेणीला अरविंद नेत्र रुग्णालयासाठी अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या लोकांनी अशा लांबच्या लिंक टाकल्या तेव्हा हेच बदलावं लागलं होतं, आणि २००७ मध्ये व्हेनेझुएलात डोंगर ते डोंगर ३८२ किलोमीटर वायफाय नेऊन दाखवलंय, तेव्हा १४ ला अंतराचं कारण पुढे करू नका. रेडिओतलं लिंकच्या अंतराचं सेटिंग ऑटोवर भरकटत असेल तर हाताने थोडं जास्त टाका, १५ वगैरे.

लांबून काही बदलायचं तर आधी पलीकडचं टोक, मग जवळचं. उलट केलंत तर रात्री डोंगर चढावा लागतो. सेफ मोड किंवा टेस्टचं बटण असेल तर तेच वापरा, लिंक परत आली नाही तर जुनं सेटिंग आपोआप येतं.

आणि हे सगळं करायच्या आधीच, खरं तर पहिल्या पाच मिनिटांत, दोन्हीकडचा लॅन पोर्ट किती स्पीडवर जोडलाय ते बघा. १००० ऐवजी १०० किंवा १० हाफ दिसत असेल आणि सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी) वाढत असतील तर ती केबल आहे, हवा नाही. स्वस्त सीसीए केबल, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची, कोकणात दोन पावसाळेही काढत नाही. शुद्ध तांब्याची, शिल्डवाली, बाहेरच्या वापराची घ्या, शिल्ड अर्थ करा, रेडिओत शिरायच्या आधी केबलला खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथून टपकेल. पावसात लिंक गेली की लोक पावसाला शिव्या देतात, पण ५.८ ला तासाला १०० मिलीमीटरच्या धो धो पावसातही किलोमीटरला डीबीभरच जातो, आणि एवढा जोरदार पाऊस १४ च्या १४ किलोमीटरवर एकाच वेळी क्वचितच पडतो. जातं ते कनेक्टरमधल्या पाण्यामुळे. खाऱ्या हवेत तर सेल्फ अमाल्गमेटिंग टेप आणि त्यावर युव्ही टेप, दोन्ही लावा.

लायसन्स बँडचं शेवटी. १८ गिगाहर्ट्झला त्याच पावसात किलोमीटरला दहाएक डीबी जातात, त्यामुळे १४ किलोमीटरला कोकणात तो विचार सोडून द्या, १५ गिगाहर्ट्झ पण जुलैत रडवेल. या अंतराला पावसाला न जुमानणारा म्हणजे ६-७ गिगाहर्ट्झ, त्यासाठी डब्ल्यूपीसीकडून (फ्रिक्वेन्सी वाटणारं केंद्र सरकारचं खातं) फ्रिक्वेन्सी, साकफाचा (टॉवरच्या जागेला परवानगी देणारी समिती) क्लिअरन्स, मोठ्या डिश, त्या पेलणारा टॉवर, आणि वर्षाची रॉयल्टी. दोन-तीनशे घरांच्या नेटवर्कला हे हिशोबात बसत नाही. तुमची लिंक ४० मेगाहर्ट्झवर -६५ ला बसली तर सध्याच्या रेडिओतच दीडशे एमबीपीएसच्या आसपास निघायला हवेत. लॉग लावा, महिन्याने दोन्ही टोकांचे आकडे आणि त्या दिवसांच्या तिथी टाका, मग डिश किती वर उचलायची ते बघू.